अनुभव धागा : मागितलं ते मिळालं नाही, तेव्हा देवाला कसं धरून राहिलात?

फतेगंजची_ताई

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्षीची सभा असते. उभं राहून संकट सांगायचं, प्रभूने कसं सोडवलं ते सांगायचं, मग सगळे हालेलुया म्हणतात. माझे मिस्टर चार वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. मी बाहेर बाकावर शास्त्र, आपलं बायबल, उघडून बसायची. पहिली दोन वर्षं साक्षीला उभी राहिले, कारण शेवट चांगला होणार अशी खात्री होती. मग उभं राहणं सोडलं. तिसऱ्या वर्षी कधीतरी त्या बाकावरच 88वं स्तोत्र नीट वाचलं. विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रं रडून झाली की कुठेतरी देवाच्या स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही, अंधारात संपतं. आधी दचकले. मग वाटलं, इतकं कडू बोलणाऱ्याला देवाने हाकलून दिलं नाही, त्याचं बोलणं शास्त्रात जपून ठेवलं. त्यानंतर मी देवाशी भांडले, अबोला मात्र धरला नाही. मिस्टर गेले त्या रात्रीही नाही.

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी इथे लिहावं. ज्यांच्या घरचा माणूस बरा झाला त्यांनी, आणि ज्यांचा नाही झाला त्यांनी तर नक्कीच.

समा_रोड

ऑगस्ट 2024चा पूर. विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती आणि आमचं घर तळमजल्यावर. आम्ही दोन रात्री वरच्या गुजराती कुटुंबाकडे काढल्या. वीज नाही, आणि खाली पाण्यात मगर दिसली म्हणून शेजारच्या सोसायटीतून ओरडा. बाबांना शुगर आहे. त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये राहिलं आणि फ्रिज आडवा होऊन पाण्यावर तरंगत होता. रात्रभर प्रार्थना केली, प्रभू, पाणी उतरू दे. सकाळपर्यंत ते आणखी दोन पायऱ्या चढलं.

वरच्या बेनच्या सासऱ्यांनाही शुगर. त्यांचं इन्सुलिन तिने ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवलं होतं. मी न विचारता तिने ते पुढे केलं. म्हणाली, अर्धं बापुजींचं, अर्धं काकांचं. डॉक्टरांना कसाबसा फोन लागला, त्यांना डोस विचारून बाबांना दिलं.

शास्त्रातली सारफथच्या विधवेची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. मूठभर पीठ उरलं होतं, त्यातली भाकर तिने आधी एलीया संदेष्ट्याला दिली. त्या सकाळी पहिल्यांदा लक्षात आलं की ती बाई इस्राएली नव्हती. देवाने आपल्या संदेष्ट्याला परक्या घरी जेवायला पाठवलं होतं. पाणी का उतरलं नाही, हे मला आजही कळलेलं नाही. बाबा आहेत, त्या बेनचे सासरेही आहेत.

रेल्वेवाल्यांची_नात

माझी पणजी छप्पनियातली. गुजरातचा संवत 1956चा तो दुष्काळ, म्हणजे 1899-1900. तिची आई वाटेतच गेली. पणजी सात वर्षांची होती. पंडिता रमाबाईंच्या माणसांनी तेव्हा गुजरातेतून शेकडो मुली केडगावला मुक्ती मिशनमध्ये नेल्या, त्यांत ही. तिथे मराठी शिकली, गुजराती पार विसरली, लग्न होऊन नगरला गेली. घरातलं शेवटचं माणूस जेवेपर्यंत ती एक भाकरी बाजूला काढून ठेवायची. म्हातारपणीसुद्धा.

ती आजीला सांगायची, आम्हाला वाढणाऱ्या बाईने स्वतःचे आईबाप दुष्काळात गमावलेत. खरंच होतं ते. रमाबाईंचा भाऊ 1880मध्ये गेला, नवरा 1882मध्ये, एकुलती एक मनोरमा 1921मध्ये. 5 एप्रिल 1922ला त्या स्वतः गेल्या. इतकी माणसं गमावूनही मुक्तीची चूल त्यांनी विझू दिली नाही.

पुढे वडिलांना रेल्वेत प्रतापनगरला नोकरी लागली आणि आम्ही वडोदऱ्याचे झालो. पणजी विसरली ती गुजराती आम्ही उपासनेसाठी पुन्हा शिकलो. 2021च्या एप्रिलमध्ये भाऊ कोविडने गेला. दफनाला आम्ही चौघंच. पाळक साहेबांनी गुजरातीत 23वं स्तोत्र सुरू केलं. गुजरातीत तिथे देवाला ‘पाळक’ म्हटलंय. माझ्या तोंडून मात्र ‘मेंढपाळ’च आलं आणि पुढचं सगळं मराठीतच म्हटलं गेलं. विश्वास वगैरे काही जाणवत नव्हतं. ओळी पाठ होत्या, त्यांनी मला घरापर्यंत आणलं.

अजून_शोधात

मकरपुऱ्यातली नोकरी मार्चमध्ये गेली, दुसरी अजून नाही. साक्ष द्यावी असं काही घडलेलं नाही. सकाळी बायको प्रार्थना करते, मी नुसतं आमेन म्हणतो. सगळ्यांचं वाचतोय.

कसोटीचा_काळ

दुःख ही देवाची परीक्षा असते. आपला विश्वास कमी पडतो, म्हणून उत्तर येत नाही.

फतेगंजची_ताई

दादा, हे मला दवाखान्याच्या बाकावर तीन जणांनी सांगितलं होतं, आणि त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नव्हते. शास्त्रातल्या ईयोबावर संकटांमागून संकटं आली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणं सांगायला लागले आणि बिघडलं. शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्यांच्यावर झाला. तुमचं मन दुखवायचं नाही, पण हे वाक्य इथे नको.

अजून_शोधात, तुमचं आमेन प्रार्थनाच आहे हो. बायकोला सलाम सांगा.

नवीन_आयडी

आई कालपासून सयाजी हॉस्पिटलमध्ये, आयसीयूत. मी बाहेर जिन्यात बसलेय. गावाहून अजून कुणी आलेलं नाही. प्रार्थनेला शब्दच येत नाहीत. तुमचं वाचत बसलेय.

फतेगंजची_ताई

बाळा, शब्द नको शोधूस, आज आम्ही म्हणतो तुझ्या आईसाठी. मी जवळच राहते. अर्ध्या तासात डबा घेऊन येते, तिथेच थांब. तिखट चालतं ना तुला?