'नेग्रितो' लाडाचा शब्द आहे की नाही?

अबोली: उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओच्या टीमबरोबर काम असतं म्हणून दीड वर्ष स्पॅनिश शिकतेय. परवा तिकडच्या एका सहकाऱ्याची फाईल रात्री जागून दुरुस्त करून दिली. त्याचा मेसेज आला, 'ग्रासियास (म्हणजे धन्यवाद), नेग्रिता!' मी सावळी. कानशिलंच तापली. नेग्रो म्हणजे काळा, त्याला -इतो, -इता लावलं की काळू, काळी. मग कळलं, आपल्या गोऱ्यापान बायकोलाही तो हेच म्हणतो! याच शब्दापायी उरुग्वेचा फुटबॉलपटू एडिन्सन कवानी ३ सामने बाहेर बसला. नोव्हेंबर २०२० मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध दोन गोल मारल्यावर मित्राने अभिनंदन केलं, त्याला याने इन्स्टाग्रामवर लिहिलं 'ग्रासियास नेग्रितो'. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने वर १ लाख पौंड दंडही ठोकला. मला हा शुद्ध अन्याय वाटतो.

खडूस_काका: अन्याय कसला? इंग्लंडात खेळतोस, लाखो लोक तुझं वाचतात. घरातला शब्द चव्हाट्यावर आणलास की चव्हाट्याचे कायदे लागतात.

बार्शीकर: काका, उरुग्वेच्या भाषा अकादमीनेच जाहीर निषेध केला होता. इंग्रजांना आमची भाषा कळत नाही, असा सूर होता. तिकडे सडपातळ नवऱ्याला 'गोर्दो' म्हणजे जाड्या म्हणतात, अर्जेंटिनाच्या मर्सेदेस सोसा या गायिकेला सगळा देश 'ला नेग्रा' म्हणायचा. रंगाशी संबंध असतोच असं नाही. आमची आजी मला 'काळ्या' म्हणायची. तिला पण दंड करायचा का?

खडूस_काका: आजीला नाही. पण तेच 'काळ्या' तुला शाळेत कोणी म्हटलं असेल तेव्हा कसं वाटलं होतं, ते सांग.

बार्शीकर: म्हटलं होतं. वाईट वाटलं होतं. पण ती पोरं वाईट होती, शब्द नव्हे.

सायली_एस: इथेच तर गोम आहे. २०११ मध्ये उरुग्वेच्याच लुईस सुआरेसने इंग्लंडमध्ये भर सामन्यात पॅट्रिस एव्हरा या कृष्णवर्णीय फ्रेंच खेळाडूला 'नेग्रो' म्हटलं. आमच्याकडे हा मैत्रीचा शब्द, असा त्याचाही बचाव होता. चौकशीत भाषातज्ज्ञांना विचारलं, तर उत्तर असं की शब्द दोन्हीकडे वळतो, कोण कोणाला कुठल्या सुरात म्हणतो ते बघा. तिथे तर दोघं हमरीतुमरीवर आलेले. ८ सामने बंदी, ४० हजार पौंड दंड. ते मला पटतं. कवानी मात्र मित्राचे आभार मानत होता, आणि त्याचा हेतू वाईट नव्हता हे दंड करणाऱ्यांनीही मान्य केलं. दोघांना एकाच काठीने हाणणं चूक.

निशिगंध: तुम्ही सगळे गोऱ्या उरुग्वेकरांच्या बाजूने बोलताय. तिथे २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ टक्के लोकांनी आपलं मूळ आफ्रिकन असल्याचं नोंदवलं. 'काळ्यासारखं राबणं' असा वाक्प्रचार आहे स्पॅनिशमध्ये, आणि त्याविरुद्ध मोहीम निघाली ती उरुग्वेतच. मग 'आमच्याकडे कोणालाच खुपत नाही' हे कोण ठरवणार? बोलणारा?

बार्शीकर: वाक्प्रचार वेगळा, लाडाचं नाव वेगळं. पण हो, ही मोहीम मला माहीत नव्हती.

अबोली: चर्चा छान चाललीय, पण माझा प्रश्न राहिला बाजूला. त्याला उत्तरात 'नेग्रितो' लिहू का?

सायली_एस: अजिबात नको! -इतो लावलं की सगळं गोड होतं, हा शिकणाऱ्यांचा भ्रम. ते लोक 'आओरा' म्हणजे आत्ता, त्याचं 'आओरिता' करतात. मेक्सिकोत कोणी 'आओरिता' म्हटलं तर तासभर तरी वाट बघायची तयारी ठेव. शब्द ऐकून कळायला लागणं वेगळं, तोंडात शोभणं वेगळं. तू आपली 'दे नादा', म्हणजे 'त्यात काय एवढं', म्हण आणि पुढची फाईल दिवसा माग.

खडूस_काका: फाईलचं बरोबर बोललीस. नेग्रिता म्हणत रात्रपाळी करून घेतोय लेकाचा.