मदत हवी आहे: पीएक्सई-ई३५, बारापैकी चार मशीन बूट होत नाहीत

मालवणातल्या एका लॅबमध्ये १२ डिस्कलेस मशीन आहेत, म्हणजे हार्ड डिस्क नसलेली; ती पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून बूट होतात. सर्व्हरवर उबुंटू आणि डीएनएसमास्क (आयपी आणि बूट फाइल देणारा प्रोग्रॅम). आठ सुरळीत चालू होतात. चार मात्र आयपी घेतात, फाइल उतरायला लागते आणि मध्येच अडकून 'पीएक्सई-ई३५' (फाइल उतरताना टाइमआउट) हा एरर येतो. ई५१ (आयपीच न मिळणं) असता तर डीएचसीपीवर, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सेवेवर, संशय गेला असता, ई३२ (फाइल उघडतानाच टाइमआउट) असता तर फायरवॉलवर. इथे सुरुवात होते आणि पुढचं पॅकेट येत नाही.

चारही दुसऱ्या स्विचवर आहेत. त्यातलं एक मशीन पहिल्या स्विचला लावलं की लगेच बूट होतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ५६ बाइटचे पिंग सगळे पोचतात, १४७२ बाइटचे शंभरात वीसेक हरवतात. दोन स्विचमधला लिंक गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर येतो. खारी हवा आणि पावसाळा. जॅकच्या पिना हिरवट दिसतात. पॅच कॉर्ड बदलून फरक नाही.

आता भिंतीतली केबल बदलावी की नुसते कीस्टोन जॅक (भिंतीतली नेटवर्क सॉकेट) नव्याने पंच करून, म्हणजे तारा पुन्हा बसवून बघावेत? टीएफटीपीचा (बूट फाइल पाठवणारा प्रोटोकॉल) ब्लॉक साइज, म्हणजे एका पॅकेटमधला डेटा, ५१२ बाइटवर आणायला डीएनएसमास्कमध्ये 'टीएफटीपी-नो-ब्लॉकसाइज' लावता येईल, पण ती मलमपट्टीच. पिना गंजू नयेत म्हणून किनाऱ्यावर कुणी काय लावतं?