हळदीचा अर्क आणि रक्तवाहिन्या: थोडी भर
वर कोणीतरी म्हटलंय की रोज हळदीचं दूध घेतलं की रक्तवाहिन्यांची सूज उतरते, जरा थांबा हो. प्रयोगात काय करतात तर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांना टीएनएफ-अल्फा (शरीरात सूज पेटवणारं एक प्रथिन) देऊन भडकवायचं, मग एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच चालू होतो आणि पेशींवर आयकॅम, व्हीकॅम असली चिकट प्रथिनं उगवतात, त्यांना पांढऱ्या पेशी येऊन चिकटतात, धमनीत थर साचायची सुरुवात अशीच होते. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, आधी दिलं तर हा स्विच दबतो, हे खरंय. पण बशीत ते थेट पेशीवर पडतं ना! पोटातून रक्तात फारच कमी पोचतं, आणि हळदपुडीत मुळात असतंच जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास. १९९८ च्या एका अभ्यासात सोबत मिऱ्यातलं पिपरिन दिल्यावर शोषण साधारण २० पट वाढलं, ठीक, पण नगण्यच्या २० पट!! इकडे बडोद्यात थंडीत ओली हळद येते, लिंबू-मीठ लावून ताटात असतेच आमच्या, ती खुशाल खा. अर्काच्या कॅप्सूलचं मात्र वेगळं, घरात कोणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.