मारून तिखट केलेलं कुत्रं राखण करत नाही, ते लेकरांना चावतं

औंढेकर: परवा इथंच एकानं लिहिलं, "पिल्लू दोन महिन्यांचं झालं की साखळीला बांधा, माणसांत सोडू नका, भाकरीत मिरचीपूड कालवा, काठी दाखवत राहा, कुत्रं तिखट होतं." खाली 'बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. वाचून राहवलं नाही.

तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपास पिल्लू जग ओळखतं. तेव्हा लेकरं, ट्रॅक्टर, डोक्यावर पाटी घेतलेली बाई दिसली नाही, तर पुढं ते सगळं त्याला संकट वाटतं. बांधलेल्याला पळता येत नाही, मग दातच उरतात. गुरगुरल्यावर मारलं की गुरगुरणं थांबतं, भीती थांबत नाही. पुढच्या वेळी आवाज न करता चावतं. मालक म्हणतो, "अचानक चावलं." कान मागं गेले होते, शेपूट पायांत होती, ते कुणी बघितलंच नाही.

सोयाबीनवाला: काय सांगायलात भाऊ! तुमचं कुत्रं घरात झोपत असंल, आमचं शेतातल्या आखाड्यावर असतंय. रात्री मोटारीची केबल कापायला येतेत. त्याला बिस्किट देऊन 'बस' शिकवू का? आमच्या आज्याचा वाघ्या माराच्या धाकातलाच होता. लांडग्याच्या टोळीतबी जो दाबतो तोच म्होरक्या.

औंढेकर: मीही आखाड्यावरच राहतो. आणि लांडग्याचं ते 1947 सालचं, पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांवरून काढलेलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये लिहिलंय की रानातली टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. चोर पळतो भुंकण्यानं. त्यासाठी कुत्र्याला घाबरवावं लागत नाही.

रोहीग्रस्त: आधी रानडुकराचं बोला. रात्रीतून भुईमूग उकरून टाकलाय. कुत्रं गोड असो की तिखट, सुळ्यापुढं काय करणार? पंचनाम्याला चकरा मारून चपला झिजल्या.

हळदकरी: कुंपणाच्या तारेला झटका देणारं झटका मशीन बसवा.

रोहीग्रस्त: बसवलंय! तारेला गवत लागलं की करंट उतरतो. रोज गवत कोण काढणार?

हळदकरी: काढावंच लागतं. पण थेट लाईनचा करंट तारेत सोडू नका, माणसं मेलीत त्यानं.

रोहीग्रस्त: ते मला शिकवू नका. पीक तुमचं गेलेलं नाही.

औंढेकर: तुमचं नुकसान खरंय, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथं कुत्र्यांचं बोला.

आशाताई, वसमत: मी घरोघर फिरते, मला चावलंय. मालकानं माझ्यासमोर त्याला काठीनं बडवलं. आता मी फाटकाशी आले की ते दुरूनच उठतं, कारण मी आले की मार पडतो हे त्याच्या डोक्यात बसलंय. आणि घरातली बाई जखमेवर चुना लावायला धावली! साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, लगेच दवाखान्यात जा, रेबीजची लस पूर्ण घ्या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

लातूरकर: माझ्याकडचं कारवानी जातीचं शिकारी कुत्रं असंच मारलेलं आलं. ससे धरायला वापरायचे. तो गुन्हा आहे, तरी बंद होत नाही, त्यानं माझा जीव जळतो. हात वर केला की ते जमिनीला चिकटायचं. मी डोळ्यांत न बघता, पाठ करून बसायचो आणि दुरून भाकरीचे तुकडे टाकायचो. जवळ यायचं की नाही हे त्याच्यावर सोडलं. लई दिवस गेले, पण स्वतःहून हातातून खायला लागलं.

सोयाबीनवाला: ताईंचं पटलं. लेकरं असलेल्या घरी मार नको, एवढं मान्य. राखणीचं अजून पटत नाही. पण माझं आठ महिन्यांचं बांधूनच वाढलंय, सालगड्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. आता काय करायचं ते सांगा.

औंढेकर: मिरची देत असाल तर आजच बंद करा. जनावरांच्या डॉक्टरांकडून रेबीजची लस टोचून घ्या. मग सालगड्यालाच कामाला लावा. नवा माणूस इतका लांब उभा करा की कुत्रं शांत राहील. माणूस दिसला की तुकडा, गेला की तुकडा बंद. गुरगुरलं तर माणूस मागं घ्या, कुत्र्याला मारू नका. आणि तोवर लेकरांना साखळीच्या टप्प्यात जाऊ देऊ नका.