आजारी पोराला वेगळं ठेवलंय, घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो कसा काढू?

शहापूरची_आई: पोराला कांजिण्या आल्यात, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत माडीवरच्या खोलीत एकटाच. खाली सासूबाई आहेत म्हणून जास्तच जपतोय. कंटाळलंय बिचारं. मोबाईल हाय त्याच्याकडं, लांब राहून एकत्र फोटोचं काय सुचवा की.

खानापूरकर: ताई, बंद खिडकीच्या काचेबाहेर उन्हात उभ्या राहा. आत जिथं काळोख असतोय तिथं काचेत तुमचं प्रतिबिंब ठळक उमटतंय आणि बाजूला पोरगं दिसतंय, दोघं एका फोटोत. मोबाईल काचेला तिरका धरा.

निपाणी_फोटोवाला: माझं ऐका, खोलीचाच कॅमेरा करा! खिडकी काळ्या कागदानं पूर्ण बंद, फट नको, मधी १ सेंटिमीटरचं भोक. भर दुपारी सगळे समोर अंगणात उन्हात उभे राहा, पांढऱ्या भिंतीवर उलटे दिसताय बघा, रंगासकट! भोक मोठं केलं की उजेड वाढतोय पण चित्र पुसट होतंय. भिंत दिसाय डोळ्याला पाचेक मिनिटं लागतात. मोबाईल उशीला टेकवून प्रो मोडात (जिथं शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते आपण ठरवतोय) शटर २० सेकंद, तोवर कुणी हलायचं नाही.

शहापूरची_आई: दादा, उद्याच करतो. सासूबाई आत्ताच विचारालत्या कुठली साडी नेसू.