मदत हवी आहे : बर्फ हटला की समुद्रतळावरच्या प्राण्यांचं भलं होतं की नुकसान?

नमस्कार मंडळी. ध्रुवीय समुद्रांच्या तळावरच्या प्राण्यांवर एक व्याख्यान तयार करतेय आणि एका मुद्द्यावर पार अडकलेय.

अंटार्क्टिकातला लार्सन-ए हा बर्फमंच (जमिनीला जोडलेला, समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर) १९९५ मध्ये कोसळला. वरचं जाडजूड छप्पर गेलं, पाण्यात ऊन शिरलं, शैवाल वाढलं, तळाला अन्न मिळू लागलं. 'पोलारस्टर्न' या जर्मन जहाजावरून २००७ आणि २०११ मध्ये तिथला तळ पाहिला, तर चार वर्षांत काचस्पंजांची संख्या तिपटीच्या घरात गेलेली! सिलिकाच्या बारीक काड्यांचा सांगाडा असलेले हे प्राणी फार सावकाश वाढतात, असंच मी आजवर धरून चालले होते.

अंटार्क्टिकातल्याच रोथेरा या ब्रिटिश संशोधन केंद्राजवळ मात्र उलटं चित्र. किनाऱ्याला धरून गोठलेला बर्फ कमी दिवस टिकला की हिमनग मोकळे सुटतात आणि उथळ तळ अक्षरशः नांगरून काढतात. खडकाला चिकटून वाढलेली प्राण्यांची वसाहत एका फटक्यात भुईसपाट.

शिवाय आर्क्टिकमध्ये २०१२ साली बर्फाखालच्या मेलोसिरा शैवालाचे पुंजके ४,००० मीटर खोल तळावर सापडले, समुद्रकाकड्या (तळावर सरपटणारे काकडीच्या आकाराचे प्राणी) ते खात होत्या. तो बर्फच राहिला नाही, तर त्यांच्या तोंडी काय पडणार?

नफा-नुकसानीचा हा हिशेब खोलीनुसार वेगळा मांडला तर योग्य ठरेल का? सागरी जीवशास्त्रातल्या कुणी जरा समजावून सांगाल का? आणि 'बेंथॉस'साठी, म्हणजे समुद्रतळावर राहणाऱ्या जीवांसाठी, 'नितलस्थ जीव' हा शब्द श्रोत्यांना झेपेल, की सरळ 'तळजीव' म्हणू?