मदत हवी आहे: २९ इंची युनिसायकलची फ्रेम, क्रोमोली की ॲल्युमिनियम?

२९ इंची युनिसायकलची फ्रेम वर्कशॉपमधून करून घ्यायची आहे. टायर ५६-६२२ (५६ मिमी रुंद, ६२२ मिमीच्या रिमचा), हब (चाकाचा मधला भाग) आयसिसचा, म्हणजे क्रँक खाचांच्या ॲक्सलवर बसते असा, बेअरिंग २२×४२×१२, दोन बेअरिंगांच्या मध्यांत १०० मिमी. क्रँक १२५ मिमी, माझ्या पायाची आतली लांबी (जांघेपासून टाचेपर्यंत) ७६ सेंमी. डांबरी रस्ता आणि थोडा घाट. वेल्डर टिग (आरगॉन वायूच्या आवरणातलं) वेल्डिंग करतो. हलकं म्हणून ६०६१ ॲल्युमिनियम घेऊ का? क्राऊन (टायरच्या वर फ्रेमचे दोन पाय जिथे जुळतात तो जोड) गोल की सपाट?

प्रतिसाद १
६०६१ सोडा. वेल्डजवळ टी-६चा (उष्णता देऊन आणलेल्या कडकपणाचा) कस उतरतो. तो परत आणायचा तर अख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवायची, मग १६०-१७५ अंशांना काही तास ठेवायची. भट्टी नसेल तर क्राऊनचा जोडच मऊ राहतो, आणि सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. टायटॅनियम मनात असेल तर वेल्ड करताना त्याला नळीच्या आतूनही आरगॉन हवा, त्यामुळे तोही विषय संपला.

४१३० (म्हणजे क्रोमोली) सीमलेस, बिनजोड नळी घ्या. फ्रेमच्या पायांना २५.४ मिमी व्यास, १.२५ जाडी. ०.९ घेतली तर ४० सेंमीच्या दोन पायांत फार तर १६० ग्रॅम वाचतील. एवढ्यासाठी वेल्ड करताना पातळ नळीला भोक पाडून घेऊ नका. फिलर (वेल्डमध्ये वितळवायची तार) ईआर७०एस-२. वेल्ड आपोआप थंड होऊ द्या, पाणी मारू नका.

सीट ट्यूब २८.६×१.४७. आतून साधारण २५.६ येते, २५.४ची पोस्ट बसते. पोस्ट आवळता यावी म्हणून सीट ट्यूबला जी चीर देतात तिच्या टोकाला ५ मिमीचं भोक पाडा, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो.

प्रतिसाद २
मापं आधी कागदावर काढा. टायरची त्रिज्या ३६७ मिमी, म्हणजे ॲक्सलपासून क्राऊनच्या खालच्या बाजूपर्यंत ३८५ ठेवा. फ्रेमचे पाय सरळ घेतले तर आतली मोकळी जागा ७४.६, टायरच्या दोन्ही बाजूंना ९ मिमी उरतात. पुढे ३ इंची टायर घालायचा विचार असेल तर ही फ्रेम विसरा, बेअरिंगांच्या मध्यांत १२५ मिमी असलेला हब लागेल.

तुमच्या पायाच्या ७६ सेंमीतून क्रँक वजा करा: ६३.५. त्यातून ३८.५ गेले की २५ उरतात, आणि सीटच ९-१० खाते. म्हणून सीट ट्यूब १० सेंमीच्या वर नको.

क्राऊन सपाट हवा तो क्राऊनवर पाय ठेवून कसरती करणाऱ्यांना. तुम्हाला गोलच पुरे, गुडघेही कमी घासतात.

धागाकर्ता
बेअरिंगची घरं लेथवर आधीच करून ठेवली आहेत, ईएन८ पोलादात. चालतील?

प्रतिसाद १
नको. ईएन८मध्ये कार्बन जास्त, वेल्डशेजारी कडक होऊन तडकतं. साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टील) परत करा, पण बोअर (आतलं भोक) ४१ मिमीवरच थांबवा. जिगमध्ये (सगळं जागेवर पकडणाऱ्या साच्यात) धरून वेल्ड करा, ब्रेक लावायचे टॅबही तेव्हाच. मग घरांच्या टोप्या बोल्टने आवळून दोन्ही घरं एकाच सेटिंगमध्ये ४२ला बोअर करा. आधी बोअर केलं तर वेल्डच्या ओढीने घरं तिरपी होतात आणि बेअरिंग बाजूने दाबली जातात. चाक मग जड फिरतं आणि दोष उगाच हबला जातो.

प्रतिसाद २
टोपीचे बोल्ट बेअरिंग घरात फिरायची थांबेल इतकेच आवळा. जास्त आवळले की बाहेरची कडी लंबगोल होते. पावडर कोटिंगला देताना बोअर टेपने झाका. थर आत गेला तरी हाच त्रास होतो.